टेसा जॉवेल : रुग्णाची मागणी आणि समाजाचे कर्तव्य

(हुबळी येथील लॅमिंग्टन रोड परिसरातील मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या शहरातील लॅमिंग्टन रोड हे नाव येथील लहानथोरांच्या नित्य परिचयाचे आहे. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ ह्या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. धारवाड जिल्हा तेव्हा त्याच इलाख्याचा भाग होता. मुंबईतही त्यांच्या नावाचा एक रस्ता आहे. पुढे त्यास डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव देण्यात आले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. लॉर्ड लॅमिंग्टन हे इंग्लंडच्या पार्लमेंटातील वरिष्ठ सभागृहाचे, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सचे, सभासद होते. हे सभासदत्व त्यांना वडिलांच्या पश्चात वारसाहक्काने मिळाले होते.

त्याच सभागृहात २५ जानेवारी २०१८ रोजी एक सत्तर वर्षांच्या बाई भाषणास उभ्या राहिल्या. त्यांचे नाव टेसा जॉवेल. त्यांचे सभासदत्व वारशाने आलेले नव्हते. दीर्घ लोकसेवेमुळे ते त्यांना लाभले होते. त्या दिवशी मात्र त्या माजी मंत्री म्हणून बोलल्या नाहीत, तर मेंदूच्या कर्करोगाच्या एक रुग्ण म्हणून बोलल्या. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, १२ मे २०१८ रोजी, त्यांचे निधन झाले. परंतु त्या भाषणाने त्यांच्या देशातील शासनास हालचाल करण्यास भाग पाडले. रुग्णाने काय मागावे, कसे मागावे आणि मागितल्यानंतर शासनाने व समाजाने काय करावे, ह्याचा वस्तुपाठ त्यांच्या चरित्रात आहे. म्हणून समुद्रापलीकडील ह्या बाईंचे स्मरण येथे करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

टेसा जॉवेल यांचा जन्म १७ सप्टेंबर १९४७ रोजी लंडन येथे झाला. वडील डॉक्टर होते व आई रुग्णालयात क्ष-किरण विभागात काम करीत असे. आजार, औषध आणि रुग्णसेवा हे विषय अशा रीतीने त्यांच्या घरातलेच होते. बालपण स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे गेले. शिक्षणानंतर त्यांनी समाजकार्याचा व्यवसाय पत्करला आणि लंडनच्या मॉड्स्ली ह्या मनोरुग्णालयात त्या काम करू लागल्या. मनाने खचलेल्या माणसाजवळ बसून त्याचे म्हणणे संपूर्णपणे ऐकून घेणे, हे त्यांच्या नोकरीचे पहिले शिक्षण होय. पुढे सार्वजनिक जीवनात त्यांनी ज्या ज्या गोष्टी केल्या, त्यांमध्ये ह्या शिक्षणाचा ठसा स्पष्ट दिसतो.

१९७१ साली त्या लंडनमधील कॅम्डन ह्या विभागाच्या स्थानिक परिषदेवर निवडून आल्या व १९९२ साली पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाच्या सभासद झाल्या. १९९७ मध्ये मजूर पक्षाचे शासन आल्यावर त्यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य खात्याचे मंत्रिपद आले. गरीब वस्त्यांतील तान्ह्या मुलांना व त्यांच्या मातांना आरोग्य, संगोपन व शिक्षण ह्यांचे साहाय्य एकाच ठिकाणी मिळावे, ह्या हेतूने निघालेल्या ‘शुअर स्टार्ट’ ह्या योजनेशी त्यांचे नाव जोडलेले आहे. आपल्याकडील अंगणवाडीची कल्पना ज्यांना ठाऊक आहे, त्यांस ह्या योजनेचा हेतू वेगळा समजावून सांगावयास नको. २००१ ते २००७ ह्या काळात त्या सांस्कृतिक कार्य व क्रीडा ह्या खात्यांच्या मंत्री होत्या. २०१२ चे ऑलिंपिक सामने लंडनला व्हावेत ह्यासाठी मंत्रिमंडळातील साशंक सहकाऱ्यांची मने त्यांनी वळविली. ६ जुलै २००५ रोजी तो मान लंडनला मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी त्या शहरात बॉम्बस्फोट होऊन ५२ निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. मृतांच्या कुटुंबीयांची विचारपूस व साहाय्य ह्यांची जबाबदारी श्रीमती जॉवेल यांच्यावर सोपविण्यात आली. ही कुटुंबे पुढे कित्येक वर्षे त्यांच्याविषयी आपुलकीने बोलत असत. २०१५ मध्ये त्या निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्त झाल्या व त्याच वर्षी वरिष्ठ सभागृहाच्या सभासद झाल्या.

मे २०१७ मध्ये शुअर स्टार्ट योजनेसंबंधीच्याच एका कार्यक्रमास त्या मोटारीने जात होत्या. वाटेत त्यांना एकाएकी आकडी आली. रुग्णालयात तपासण्या झाल्या आणि दोनच दिवसांत मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. ती गाठ ‘ग्लायोब्लास्टोमा’ ह्या प्रकारची होती.

हा रोग म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. मेंदूत ज्ञानतंतूंच्या पेशींना आधार देणाऱ्या दुसऱ्या काही पेशी असतात. त्या पेशींच्या अनिर्बंध वाढीतून ही गाठ उत्पन्न होते. मेंदूतील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. कित्येक गाठी सौम्य असतात व शस्त्रक्रियेने कायमच्या बऱ्या होतात. परंतु ग्लायोब्लास्टोमा ही गाठ जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत चौथ्या, म्हणजे सर्वांत उग्र श्रेणीत मोडते. तिला निश्चित अशी कड नसते. झाडाची मुळे जमिनीत शिरावीत त्याप्रमाणे तिच्या पेशी आसपासच्या निरोगी मेंदूत शिरतात. पोटातील वा स्तनातील गाठ काढताना शल्यविशारद भोवतालचा थोडा निरोगी भागही काढू शकतो. मेंदूत मात्र त्या निरोगी भागातच वाचा, दृष्टी, स्मृती, हातापायांची हालचाल ह्यांची केंद्रे असतात, त्यामुळे हात आखडता घ्यावा लागतो. दुसरी अडचण अशी, की रक्तातील घातक द्रव्ये मेंदूत जाऊ नयेत म्हणून निसर्गाने रक्त व मेंदू ह्यांच्यामध्ये एक सूक्ष्म तटबंदी उभारलेली आहे. ही तटबंदी विषाला अडविते, तशीच पुष्कळशा औषधांनाही अडविते.

ह्या रोगावरील आजची प्रमाणित उपचारपद्धती २००५ साली निश्चित झाली. डॉ. रॉजर स्टुप व त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोप व कॅनडा येथील ५७३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष त्या वर्षी प्रसिद्ध झाले. प्रथम शस्त्रक्रिया, नंतर सहा आठवडे किरणोपचार आणि त्यांच्या जोडीला ‘टेमोझोलोमाइड’ हे तोंडाने घ्यावयाचे औषध, असा हा क्रम आहे. हे औषध १९८०च्या दशकात बर्मिंगहॅम येथील ॲस्टन विद्यापीठात प्राध्यापक माल्कम स्टीव्हन्स यांच्या चमूने शोधून काढले. पुढे ते भारतीय कंपन्याही तयार करू लागल्या. केवळ किरणोपचार घेतलेल्या रुग्णांपैकी निम्मे सुमारे १२ महिन्यांपलीकडे जगले, तर औषधाची जोड मिळालेल्यांपैकी निम्मे सुमारे साडेचौदा महिन्यांपलीकडे. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण मात्र शेकडा १० वरून शेकडा २६ वर गेले. हा लाभ नि:संशय मोलाचा होता. तथापि अन्य अनेक कर्करोगांत जी प्रगती झाली, तिच्या मानाने तो अल्पच म्हणावा लागेल.

श्रीमती जॉवेल यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार व औषधोपचार झाले. हे सर्व घेत असताना त्यांनी आपल्या रोगाचा अभ्यास केला, तज्ज्ञांना भेटून प्रश्न विचारले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये आपला आजार लोकांपुढे उघड केला. त्यांनी स्वत:पुरती चांगली सोय पाहिली असती, तर त्यात कोणाला वावगे वाटले नसते. परंतु आपल्यासारख्याच इतर रुग्णांच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि त्यातून त्यांच्या सभागृहातील भाषणाचा जन्म झाला.

त्या भाषणातील मागण्या लक्षपूर्वक पाहण्यासारख्या आहेत. पहिली मागणी पैशाची व लक्षाची होती. कर्करोग-संशोधनावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी मेंदूच्या गाठींच्या वाट्यास दोन टक्क्यांहूनही कमी रक्कम येते, हे त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले.

दुसरी मागणी सर्वांस सारख्या उपचाराची होती. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास एक द्रव प्यावयास देतात. मग निळ्या प्रकाशात पाहिले असता गाठीतील पेशी गुलाबी रंगाने चमकतात व निरोगी मेंदूपासून वेगळ्या ओळखू येतात. जर्मनीत झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ह्या पद्धतीने शेकडा ६५ रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण काढता आली. साध्या प्रकाशातील शस्त्रक्रियेत हेच प्रमाण शेकडा ३६ होते. असे असूनही, बारा वर्षांनंतर इंग्लंडमधील मेंदू-शस्त्रक्रियेच्या केंद्रांपैकी जवळजवळ निम्म्याच केंद्रांत ही सोय होती. रुग्ण कोणत्या गावी राहतो ह्यावर त्याचा उपचार अवलंबून असावा, हे त्यांना मान्य नव्हते.

तिसरी मागणी संशोधनाच्या रीतीविषयी होती. नव्या औषधाची चाचणी घेण्याच्या रूढ पद्धतीत एका वेळी एकच औषध तपासले जाते व त्यास वर्षानुवर्षे लागतात. ज्या रुग्णापाशी महिनेच शिल्लक आहेत, त्यास ही गती काय कामाची? एकाच चाचणीत अनेक उपचार जोखावेत, जो निरुपयोगी ठरेल तो लगेच सोडावा व दुसरा हाती घ्यावा, अशा लवचीक चाचण्या त्यांना हव्या होत्या. त्याचप्रमाणे निरनिराळ्या देशांनी आपापल्या रुग्णांची माहिती एकमेकांपासून लपवून न ठेवता एकत्र करावी, असा त्यांचा आग्रह होता. हे केवळ इतरांना सांगून त्या थांबल्या नाहीत. आपली स्वत:ची वैद्यकीय माहिती त्यांनी जगातील संशोधकांसाठी खुली केली.

चौथी गोष्ट ही मागणीपेक्षा अपेक्षा होती. सर्वोत्तम व अद्ययावत शास्त्र आपल्यासाठी वापरले जात आहे एवढा विश्वास रुग्णाला हवा असतो. पण त्याच्या जोडीला आपल्याभोवती व्यवहारी मदत करणारी, मायेची माणसे आहेत हेही त्याला जाणवावयास हवे, असे त्या म्हणाल्या. कर्करोगाने मरत राहण्याऐवजी कर्करोगासह चांगले जगता यावे, आणि ते सर्वांना अधिक काळ जगता यावे, अशा आशयाच्या शब्दांनी त्यांनी समारोप केला. त्या सभागृहात टाळ्या वाजविण्याचा प्रघात नाही. त्या दिवशी मात्र सर्व पक्षांचे सभासद उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा गजर झाला.

भाषणाचे फलित लवकर दिसून आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी श्रीमती जॉवेल यांची भेट घेतली. मेंदूच्या कर्करोगावरील संशोधनासाठी शासनाने २ कोटी पौंड व ‘कॅन्सर रिसर्च यूके’ ह्या संस्थेने अडीच कोटी पौंड देण्याचे जाहीर केले. त्यांच्या निधनानंतर लगेच शासनाने आपला वाटा दुप्पट, म्हणजे ४ कोटी पौंड, केला. गाठ उजळविणारी ती पद्धत इंग्लंडमधील सर्व संबंधित केंद्रांत नेण्याचेही ठरले. त्यांच्या नावाने ‘टेसा जॉवेल ब्रेन कॅन्सर मिशन’ हे कार्य उभे राहिले व त्यांच्या कन्या जेस मिल्स यांनी त्यात पुढाकार घेतला. उपचाराचा दर्जा, रुग्णास मिळणारा आधार व संशोधनात सहभागी होण्याची संधी ह्या कसोट्यांवर रुग्णालये पारखून चांगल्या केंद्रांना मान्यता देण्याचे काम ह्या मिशनने हाती घेतले. २०२१ साली पहिल्या नऊ रुग्णालयांस ही मान्यता मिळाली.

एवढ्यावरच ही कथा संपविली, तर ती ऐकावयास गोड वाटेल. पण ती अपुरी राहील. शासनाने जाहीर केलेल्या त्या ४ कोटी पौंडांचे पुढे काय झाले? २०२३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटातील सर्वपक्षीय सभासदांच्या एका गटाने ह्याची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. पाच वर्षे उलटून गेली तरी त्यांतील निम्मी रक्कमही संशोधकांच्या हाती पडलेली नव्हती. पैसा कोणी खाल्ला अशी तक्रार नव्हती. निधी वाटणाऱ्या यंत्रणेचे म्हणणे असे, की पुरेशा दर्जाचे प्रस्तावच येत नाहीत. संशोधकांचे म्हणणे असे, की हा निधी रुग्णांवरील चाचण्यांच्या टप्प्यासाठी राखलेला आहे. प्रयोगशाळेतील मूळ संशोधनास पैसा नसल्यावर चाचणीपर्यंत पोचणारे औषध येणार कोठून? विहिरीवर पंप बसविला, पण विहिरीत पाणी येण्याचे झरे मोकळे केले नाहीत, तर जे होते तेच येथे झाले.

शासकीय कामाशी ज्यांचा संबंध येतो, त्या सर्वांनी हा भाग मनावर घेण्यासारखा आहे. घोषणा करणारे मंत्री प्रामाणिक होते, रक्कम खरी होती, लोकांची सहानुभूतीही खरी होती. तरीसुद्धा रुग्णाच्या खाटेपर्यंत जावयाची वाट मध्येच अडली. योजना जाहीर होणे हा कामाचा आरंभ असतो. तिची रक्कम कोणत्या टप्प्यावर, कोणास, किती दिवसांत मिळावयाची ह्याचा विचार घोषणेबरोबरच झाला नाही, तर सद्‌हेतू कागदावर राहतो. आणि वाट पाहण्यास ज्याला सवड नाही असा मनुष्य म्हणजे ग्लायोब्लास्टोमाचा रुग्ण होय. मजूर पक्षाच्या पहिल्या महिला सरचिटणीस मार्गारेट मॅक्डोना ह्यादेखील ह्याच रोगाने जून २०२३ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या भगिनी शिव्हॉन मॅक्डोना ह्या पार्लमेंटच्या सभासद आहेत. न खर्चलेल्या निधीचा जाब त्यांनी सभागृहात विचारणे चालू ठेवले. जॉवेलबाईंनी लावलेली मागणीची ज्योत दुसऱ्या एका कुटुंबाने अशी पुढे नेली.

आता ह्या सर्वांचा आपल्या भागाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. रुग्णाच्या वेदनेतून उपचाराची संस्था उभी राहिल्याचे फार मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे. लेडी मेहेरबाई टाटा ह्या १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने मरण पावल्या. ह्या रोगावरील उपचाराची सोय आपल्या देशातही व्हावी, अशी तळमळ त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांना लागली. दुसऱ्याच वर्षी त्यांचेही निधन झाले; परंतु त्यांच्या नावाच्या न्यासाने ते कार्य पुरे केले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. हुबळी, धारवाड, बेळगाव ह्या भागांतील कित्येक कुटुंबांनी मुंबईची गाडी धरून ह्या रुग्णालयाची पायरी चढली आहे. मेंदूच्या गाठीच्या रुग्णांस व त्यांच्या नातलगांस साहाय्य करणारी ‘ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया’ ही संस्थाही ह्याच रुग्णालयातील डॉ. राकेश जलाली यांच्या पुढाकाराने निघाली. खारघर येथील टाटा केंद्राच्या संस्थेत २०२३ मध्ये प्रोटॉन किरणोपचाराची सोय झाली. बंगलोर येथे १९७३ पासून किडवाई स्मारक कर्करोग संस्था आहे. ह्या शहरात १९५७ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि नवनगरमध्ये डॉ. आर. बी. पाटील यांनी उभारलेली कर्करोग उपचार व संशोधन संस्था आहे.

जॉवेलबाईंनी ज्या माहितीच्या एकत्रीकरणाचा आग्रह धरला, त्याचाही पाया आपल्याकडे घातला गेलेला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१ साली राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातील रुग्ण आपण होऊन रुग्णालयात येत नाही, म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून, आजाराची चिन्हे समजावून सांगून नोंदी करीत. अशा बोलण्याचा एक परिणाम असा झाला, की लोक आजाराच्या आधीच्या अवस्थेत उपचारास येऊ लागले. २०१२ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’मध्ये देशातील तीनशेहून अधिक रुग्णालये व संस्था सामील झाल्या आहेत. मुंबईत जो उपचार योग्य ठरतो तोच लहान शहरातील रुग्णासही मिळावा, हा ह्या जाळ्याचा हेतू आहे, आणि श्रीमती जॉवेल यांची दुसरी मागणी नेमकी हीच होती.

आपल्याकडे उपचार मिळणे जितके कठीण, तितकेच उपचाराच्या गावी राहणेही कठीण असते. सहा आठवड्यांच्या किरणोपचारात आठवड्यातून पाच दिवस, अशा ३० बैठका होतात. हुबळीजवळच्या खेड्यातील शेतकऱ्याने मुंबईत उपचार घ्यावयाचे म्हटले, तर रुग्णासोबत घरचे एक माणूस दीड महिना गुंतते, शेतीचे काम राहते, मुलांच्या शाळेची आबाळ होते. दादर येथील संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा कुटुंबांचा मोठा आधार ठरली आहे. पण जागा मर्यादित व गरज अमर्याद. ह्या दृष्टीने एक संशोधन ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वृद्ध किंवा फार अशक्त अशा ग्लायोब्लास्टोमा रुग्णांना तीन आठवड्यांत १५ बैठकांऐवजी एका आठवड्यात ५ बैठका देऊन पाहण्यात आल्या. आयुर्मानाच्या दृष्टीने लहान उपचार कमी प्रतीचा ठरला नाही. ज्याच्यापाशी थोडेच दिवस उरले आहेत, त्याचे दोन आठवडे त्याला परत मिळाले. उपचारातील सुधारणा म्हणजे दर वेळी महागडे नवे औषध नव्हे, हे ह्यावरून दिसून येईल. अर्थात कोणत्या रुग्णास कोणता क्रम योग्य, हे तज्ज्ञांनीच ठरवावयाचे आहे.

ज्या गोष्टी आपल्या हाती आहेत, त्यांकडे आता वळू. पहिली गोष्ट म्हणजे चिन्हे वेळीच ओळखणे. डोके दुखणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मेंदूत गाठ असते, असे मुळीच नाही. बहुतेक डोकेदुखीची कारणे साधी असतात. परंतु पूर्वी कधीही आकडी न आलेल्या प्रौढ माणसास ती प्रथमच आली, पहाटे वाढणारी डोकेदुखी व उलटी काही आठवडे चालू राहिली, एका बाजूचा हात वा पाय दुर्बल होऊ लागला, बोलताना शब्द सापडेनासे झाले, नजर अंधुक झाली किंवा स्वभावात विनाकारण पालट झाला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. आकडी आली की कांदा वा चप्पल हुंगविणे, दातांत चमचा घालणे, बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेणे, हे प्रकार अद्याप थांबलेले नाहीत. रुग्णास एका कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये, झटका थांबेपर्यंत त्याला इजा होणार नाही एवढे पाहावे आणि नंतर रुग्णालयात न्यावे. झटका पाच मिनिटांहून अधिक काळ टिकला, तर त्याच वेळी वाहन बोलवावे. आपल्या देशात अशा आकडीमागे मेंदूतील क्षयाची गाठ किंवा फीतकृमीच्या अळीचा कोश हेही कारण पुष्कळदा आढळते, आणि ते औषधोपचाराने बरे होऊ शकते. तेव्हा तपासणी म्हणजे केवळ वाईट बातमीची भीती नव्हे. तीत सुटकेची शक्यताही असते.

दुसरी गोष्ट रुग्णाशी खरे बोलण्याची. आपल्याकडे कर्करोगाचे नाव घरात हळू आवाजात घेतात. नातलग डॉक्टरांना बाजूला बोलावून, पेशंटला काही सांगू नका, अशी विनंती करतात. ह्यामागे माया असते, हे खरे. पण ज्याचा देह आहे त्यालाच अंधारात ठेवल्यावर त्याने प्रश्न कसे विचारावेत, आपली इच्छा कशी सांगावी, राहिलेली कामे कशी उरकावीत? मेंदूच्या रोगात तर पुढे वाचा व स्मृती क्षीण होण्याचा संभव असतो. म्हणून जे बोलावयाचे ते वेळीच बोलले जावे. श्रीमती जॉवेल यांना सत्य ठाऊक होते, म्हणूनच त्या बोलू शकल्या. ज्याला जेवढे ऐकण्याची इच्छा व ताकद आहे तेवढे त्याला हळुवारपणे सांगणे, ही डॉक्टर व कुटुंब ह्या दोघांची जबाबदारी होय.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. रुग्णालयातून मिळालेले तपासणीचे अहवाल, गाठीच्या तुकड्याच्या परीक्षेचा निष्कर्ष, स्कॅनच्या प्रती व औषधांची यादी एका पिशवीत तारखेच्या क्रमाने ठेवावी. एका गावचा रुग्ण दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे जातो, तेव्हा कागद हरवल्यामुळे तीच तपासणी पुन्हा करावी लागते. पैसा जातो, वेळही जातो. आपल्या रोगाची माहिती संशोधनासाठी वापरण्यास कोणी परवानगी मागितली, तर ती काय आहे हे समजून घेऊन, पटल्यास द्यावी. आजच्या रुग्णाची नोंद ही उद्याच्या रुग्णाची शिदोरी असते.

चौथी गोष्ट शेजारधर्माची. रुग्णासाठी औषध विकत घेता येते. पण रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणारा शेजारी, मुलांना जेवू घालणारी वहिनी, मुंबईस जाताना तिकिटाची व मुक्कामाची व्यवस्था लावून देणारा गावकरी विकत मिळत नाही. मंडळे, महिला समाज, ग्रामपंचायती ह्यांनी अशा कुटुंबांची नावे लक्षात ठेवून त्यांना शासकीय आरोग्य योजनांचे अर्ज भरून देण्याचे काम केले, तरी ते मोठे साहाय्य ठरेल. कर्नाटकात व महाराष्ट्रात मोफत उपचाराच्या योजना आहेत. त्यांचा लाभ ठराविक रुग्णालयांतच मिळतो, हे आधीच विचारून घ्यावे.

अखेरची गोष्ट ही, की रुग्णाने व त्याच्या कुटुंबीयांनी मागणी करण्यास संकोच करू नये. आपल्याकडे आजारी माणूस डॉक्टरांपुढे व कचेरीपुढे हात जोडून उभा राहतो. आपण विचारले तर राग येईल, अशी त्याला धास्ती वाटते. श्रीमती जॉवेल ह्या स्वत: आरोग्य खात्याच्या मंत्री होत्या, म्हणून त्यांचे ऐकले गेले, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. सामान्य रुग्णास सभागृह उपलब्ध नसते. परंतु म्हणूनच जेथे तो बोलू शकतो तेथे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, जिल्हा रुग्णालयात, लोकप्रतिनिधीच्या कचेरीत, त्याचे म्हणणे नीट ऐकून घेणारा कर्मचारी असणे अधिक अगत्याचे ठरते. मागणी मोघम नसावी; काय नाही, कोठे नाही व त्यावाचून काय अडते, हे तीन मुद्दे स्पष्ट लिहून द्यावेत. जॉवेलबाईंचे भाषण प्रभावी ठरले ते त्यातील दु:खामुळे जितके, तितकेच त्यातील नेमकेपणामुळे.

दर वर्षी ८ जून हा दिवस जगभर मेंदूच्या गाठीविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ह्या भागातील शाळा, मंडळे व आरोग्य केंद्रे यांनी आकडीच्या प्रथमोपचाराचे एखादे प्रात्यक्षिक ठेवले आणि उपचार घेऊन परतलेल्या एखाद्या रुग्णास, त्याची इच्छा असल्यास, बोलण्याची संधी दिली, तर टेसा जॉवेल यांचे ते उचित स्मरण होईल.